पाच चाळीसचा हिरवा आकडा

पडद्यावर काकूंचा आकडा हिरवा होता. एकशे बारा, सत्तर.

आणि काकू समोर चाकांच्या खुर्चीत डोकं गच्च धरून बसल्या होत्या. दवाखान्याच्या मशीनवर उमटलं होतं एकशे शहाण्णव, एकशे बारा.

आकडेताईने पट्टा काढला, दुसऱ्या हाताला बांधला, पुन्हा फुगवला. एकशे चौऱ्याण्णव.

कर्करोग विभागातल्या या परिचारिकेला सगळे आकडेताईच म्हणत. सदतीस रुग्ण रोज सकाळी घरी रक्तदाब मोजत आणि त्यांचे आकडे फोनमार्फत तिच्या पडद्यावर येत. बरा असला तर हिरवा, चढला तर लाल. लाल दिसला की तिने फोन करायचा. हिरव्याकडे बघायला तिला वेळच नसे.

"सिस्टर, समोरचं सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसतंय हो," काकू म्हणाल्या. त्या शिवणकाम करत. दोन महिन्यांपासून त्यांना गाठीचा रक्तपुरवठा तोडणारी गोळी चालू होती. गोळी गुणाची, पण रक्तदाब चढवणारी. म्हणून तर हे घरचं मोजमाप.

मोठे डॉक्टर आले, दोन्ही आकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"घरबसल्या रक्तदाब! मी आधीच म्हटलं होतं. चार वाजता बैठक आहे. घरचे आकडे खोटे येत असतील तर अशी गोळी मी यांच्या हातात देणार नाही. कायमची बंद."

"सर, दुसरं औषध यांना लागू पडलेलं नाही."

"मग मला खरे आकडे आणून द्या."

ते निघून गेले. आकडेताई रोज सकाळी एक नेम करायची, आज कुणावरही आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी अकरा वाजेपर्यंतच नेमाला तडे जायला लागले होते.

काकूंना आत खाटेवर नेऊन सलाईनमधून रक्तदाब उतरवायचं औषध लावलं. काका बाहेर बाकावर घरचं मशीन मांडीवर घेऊन बसले होते. ते घड्याळं दुरुस्त करत. आकडेताईच्या मनात पहिला संशय तिथेच आला.

"काका, मशीन उघडलंत कधी?"

"मी? छे!"

"खरं सांगा. तुम्हाला स्क्रू दिसला की राहवत नाही."

"नाही राहवत," काकांनी कबूल केलं. "पण तुम्ही बजावलं होतंत ना, याला हात लावायचा नाही म्हणून. मुलीनेही धमकी दिली होती."

मशीन पालथं केलं. स्क्रू कोरे होते, एक ओरखडा नाही. बाजूची बारीक कळ १ वर होती, जशी असायला हवी तशी. एकाच मशीनवर दोघांचे आकडे वेगळे ठेवता यावेत म्हणून १ आणि २ अशी सोय होती. १ वरचे आकडे फोनवर जात. २ कुणीच वापरत नसे.

तिने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला, मग आत जाऊन काकूंच्या. घरचं मशीन दवाखान्याच्या मशीनशी तंतोतंत जुळलं. म्हणजे मशीन खरं बोलत होतं.

"काकू, रोज मोजता ना? रागावणार नाही मी."

"एक दिवस चुकले नाही हो. लेक पट्टा बांधते, मी गप्प बसते. बोलायचं नाही, पाय लोंबकळवायचे नाहीत, सगळं तुम्ही सांगितलंय तसं."

"आकडा बघता?"

"मला कुठला दिसतोय हल्ली! ती म्हणते, छान आहे गं आई. आपण विश्वास ठेवायचा."

"आणि मागच्या आठवड्यात तीन दिवस आकडेच आले नाहीत ते?"

"तेवढेच दिवस राहिले. सेल संपले होते म्हणे. लेक गावाला गेली होती, आल्यावर तिने नवे घातले."

आकडेताईने मशीनमागचं झाकण सरकवलं. मशीन देताना सेलवर तारीख घालायची तिची सवय होती. चारही सेलांवर निळ्या शाईत, तिच्याच अक्षरात, दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती.

"काका, मोजता किती वाजता?"

"साडेसातला. मी दुकानाचा डबा भरत असतो, समोरच चालतं. का हो?"

ती उत्तर न देता पडद्यापाशी गेली. सगळे हिरवे आकडे पहाटे पाच चाळीसचे होते. एकही साडेसातचा नव्हता.

मशीन खरं. काकू खऱ्या. काका खरे. मग खोटं बोलतंय कोण? तिने कपाळावर मूठ आपटली. तेवढ्यात तिची नजर तिसऱ्या रकान्यावर गेली. राखाडी, बारीक अक्षरातला नाडीचा रकाना. त्याला रंग नव्हता, म्हणून कुणी तो वाचत नसे. तीसुद्धा.

एक्कावन्न. त्रेपन्न. पन्नास. एक्कावन्न.

आणि आतल्या खाटेवर काकूंची नाडी चौऱ्याण्णव पडत होती.

घर दोन गल्ल्या सोडून होतं. आकडेताई मशीन पिशवीत घालून चालतच गेली. दारात ओल्या मातीने भरलेले धावायचे बूट होते, वर खुंटीला मागच्या आठवड्यातल्या शर्यतीचं पदक. आत शिलाई मशीनवर कापड तसंच अर्धं अडकलेलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी पाणी पीत उभी होती, मनगटावर भलंमोठं घड्याळ.

"आई कशी आहे?"

"बस. हात पुढे कर."

"मला काय झालंय?"

"तेच बघते."

तिने मुलीच्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं.

"चोपन्न. आत्ता माझ्या धास्तीने चार वाढले असतील."

मुलीने हात सोडवून घेतला.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," आकडेताई म्हणाली. "धावायला जाण्याआधी, पाच चाळीसला, सगळे झोपलेले असताना तू पट्टा स्वतःच्या हाताला बांधायचीस. तो आकडा माझ्याकडे यायचा. कॅन्सरची गोळी घेणाऱ्या, चार पायऱ्यांवर धापा टाकणाऱ्या बाईची नाडी पन्नास नसते. ती रोज मैलोन्‌मैल धावणाऱ्याची असते. शर्यतीला तीन दिवस गेलीस, तेव्हा हात नव्हता म्हणून आकडा नव्हता. सेलचं निमित्त केलंस, पण सेलवर माझीच तारीख आहे."

"मग आईला साडेसातला पट्टा बांधायचे ते?"

"तेच तर मला येईपर्यंत कळेना. नुसतं नाटक असतं तर मशीनने तो आकडाही माझ्याकडे पाठवला असता." तिने पिशवीतून मशीन काढलं आणि बाजूची कळ २ वर सरकवली. स्मृतीचं बटण दाबलं.

एकशे अठ्ठावीस. एकशे बत्तीस. एकशे एकेचाळीस. एकशे छप्पन्न. एकशे बहात्तर. आकडे एकामागून एक येत राहिले, सगळे साडेसातचे, सगळ्यांची नाडी नव्वदीतली.

"स्वतःचा आकडा पाठवत होतीस, तर आईचा मोजत कशाला बसलीस?"

"कुणाला तरी माहीत असायला हवं ना!" मुलगी फुटली. "दोनशे झाले असते तर मी सांगणार होते."

"दोनशे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच ठरवलं. तुम्हाला काय, तुम्ही लाल बघता आणि फोन करता! पहिल्या महिन्यात लाल आला, तुम्ही म्हणालात गोळी थांबवा, आणि ठेवलात फोन. सोळा दिवस थांबली. पुढच्या तपासणीत गाठ वाढलेली. मीच उचलला होता तो फोन. मी ठरवलं, पुन्हा लाल जाऊ द्यायचा नाही."

आकडेताईला तो फोन आठवला नाही. तेच तिला जास्त लागलं. मागे छत्तीस जण होते, एवढंच आठवलं.

"अगं, थांबवा म्हणजे चार-पाच दिवस. रक्तदाबाची गोळी लागू पडेपर्यंत. मग परत सुरू करायची होती. त्यासाठी परत फोन करायला हवा होता." तिने मशीन पिशवीत ठेवलं. "मी करायला हवा होता. तुम्ही तपासणीला आलात तोपर्यंत सोळा दिवस गेले."

मुलगी खाली बसली. "म्हणजे लाल म्हणजे बंद नाही?"

"लाल म्हणजे माझं काम. तू ते माझ्यापासून लपवलंस, आणि आईचे डोळे जायची वेळ आली. चल. बूट घाल."

चारला पाच मिनिटं कमी असताना तिने मशीन मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कळ २ वर. ते बटण दाबत राहिले. मुलगी दारात उभी होती.

"या मुलीने आम्हाला फसवलं," डॉक्टर म्हणाले. "अशा घरात मी गोळी—"

"या मुलीने एकेक खरा आकडा जपलाय!" आकडेताई ओरडली. वऱ्हांड्यातल्या दोघातिघांनी मान वळवली. "खरे आकडे मागितलेत ना? हे घ्या. चढण बघा, किती हळू आहे. तिसऱ्या आठवड्यात रक्तदाबाची आणखी अर्धी गोळी दिली असती तर आजचा दिवस आला नसता. सोळा दिवस गोळी बंद राहिली ती माझ्या चुकीने. शिक्षा द्यायची तर मला द्या, काकूंना कशाला?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली. 

"आधी रक्तदाब उतरू दे," शेवटी ते म्हणाले. "मग कमी मात्रेत पुन्हा सुरू करू. आणि तुम्ही आवाज खाली करा."

"हो सर."

नेम मोडला होता. उद्या नवा करायचा.

काकूंची नजर तीन दिवसांत निवळली, आणि दहाव्या दिवशी गोळी पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या सोमवारी आकडेताईने पडदा उघडला. नाडीचा रकाना तिने भांडून ठळक करून घेतला होता. सगळ्यात वर काकूंची ओळ होती.

सात एकतीस. एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव. नाडी त्र्याण्णव.

आकडा लाल होता. आकडेताईला हायसं वाटलं, आणि तिने फोन उचलला.