सातपर्यंत

जुन्या रेकॉर्ड धुऊन-पुसून त्यातलं संगीत संगणकात उतरवून देणं हा माझा धंदा. वीस वर्षं त्यात घासली आहेत, त्यामुळे रेकॉर्डमध्ये काय होऊ शकतं आणि काय नाही, हे मला कुणी शिकवू नये.

दादाच्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडची एकच रेकॉर्ड निघाली. दोनशे प्रती, त्याही खपता खपल्या नाहीत. वीस-वीस मिनिटांच्या रचना, सात मात्रांचा अडनिडा ताल, शब्द एकही नाही. आईला तर त्यावर साधी टाळी धरता येत नसे. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला ड्रमवर बसलेला दादा सातपर्यंत मोजतो. ही मोजणी एरवी कापून टाकतात. ते काम दादाकडेच होतं आणि तो विसरला. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याचा आवाज राहिला तो एवढाच.

आईचे कान आता जवळजवळ गेलेत. पूर्ण जायच्या आत त्याचा आवाज मला एकदा ऐकव, असा तिने लकडा लावला. शेवटी एका भंगारवाल्याकडे प्रत मिळाली.

दुपारी दुकानात लावली. दादा सहापर्यंत मोजून थांबला. सातच्या जागी शांतता, मग ड्रम अगदी वेळेवर. भिंगाखाली पाहिलं, ओरखडा नव्हता. पुन्हा लावली तर पाच. मी चक्रावलो. पहिल्या वेळी संगणकात उतरवलेली फाइल उघडली. तिच्यातही पाचच.

सुई बदलली, चार. यंत्र बदललं, तीन. मग मी हात आवरला. उरलेलं आईसाठी ठेवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आईने स्पीकरला कान लावला. मी सुई टेकवली.

एकही आकडा आला नाही. थेट ड्रम सुरू झाले.

माझ्या शंकेखोरपणापायी मी दादाला संपवलं होतं.

आई मात्र हसत होती. "सातपर्यंत मोजलं बघ. पण इतक्या जवळून का बोलला रे?"

तिचं ऐकण्याचं यंत्र टेबलावर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "आज सहाच." मी विचारत नाही, तरी ती रोज सांगते. डॉक्टर म्हणतात, प्रकृती ठणठणीत आहे.

आज सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून बसली होती.

"आज एकच म्हणाला."

तिची बोटं टेबलावर सातचा ताल धरत होती. एकदाही चुकली नाहीत.