तीन गाठींचं फडकं

खुर्च्या पोचवायच्या आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं, एवढंच काम होतं. आता बसा इथं रस्त्याच्या कडेला, पोरांनो. आणि तू तो हात मागे घे झाकणावरून. इंजिन तापलंय. रेडिएटरमध्ये उकळतं पाणी कोंडलेलं असतं, झाकण फिरवलंस की थेट तोंडावर. अर्धा तास थांबावं लागणार. मलाही काही हौस नाही अंधारात बसायची.

तोवर ऐका. ही गाडी मी ज्या घड्याळजीकडून घेतली, त्याची गोष्ट. मी पाहिलेली नाही, पण त्यानं शपथेवर सांगितलेली आहे.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ शांत, म्हणजे समोरच्याला चीड यावी इतका शांत. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, रेडिएटरमधलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बघायचा. कमी असलं तर कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं करून भरायचा. मग झाकणावर आपल्या जुन्या चौकडीच्या शर्टाचं फडकं बांधायचा. तीन गाठी, आवळून. तरुणपणी घाईत झाकण उघडून त्याचा गळा भाजला होता. "गाठी सुटेपर्यंत इंजिन निवतं," म्हणायचा. कुणी घाई केली की त्याचं एकच, "थांब जरा." घड्याळजीला त्या दोन शब्दांचा जन्मभर वैताग.

भाऊ वारला, गाडी घड्याळजीकडे आली आणि छळायला लागली. कूलंट रोज कमी. खाली थेंब नाही, पाइप कोरडे, पंप ठीक. एक मेकॅनिक म्हणाला थर्मोस्टॅट गेलाय. बदलला. दुसरा म्हणाला पंखा. तोही बदलला. तिसऱ्यानं नुसती मान हलवली आणि जेवायला गेला. उभं आयुष्य काट्यांशी खेळलेला माणूस, पण तापमानाच्या त्या एका काट्यानं त्याला रडकुंडीला आणलं. एका मंगळवारी दुपारी पाणी भरायला गेला तर भावाच्या सवयीनं त्यानंच बांधलेल्या गाठी सुटेनात. डोकंच फिरलं. कात्री आणली, फडकं कापलं आणि दोन्ही तुकडे दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

त्याच रात्री फोन आला. पुतणीला बाळंतपणासाठी शेजारच्या गावी हॉस्पिटलात नेलं होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि ती हट्टाला पेटलेली, "आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही." तिची आई म्हणजे घड्याळजीची वहिनी, त्याच भावाची बायको. तिला गाडीत घालून हा निघाला. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी काटा लाल खुणेवर. वेळेत चूक नाही, घड्याळजीच तो. बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी थांबवली. मागे-पुढे एक दिवा नाही.

फोन पुन्हा वाजला. डॉक्टर रागावले होते. वहिनींना रडू आवरेना. टॉर्च धरून त्या पुढं वाकल्या, त्याला नीट दिसावं म्हणून. चेहरा बरोबर झाकणाच्या वर. घड्याळजीनं हाताला रुमाल गुंडाळला. थांबायला वेळ कुणाला होता? हात आत घातला...

फडकं.

चौकडीचं. अखंड. तीन गाठी.



त्यानं नखं लावली. सुटेना. दात लावले. सुटेना. केसाएवढे स्क्रू काढणारी बोटं ती, पण गाठीपुढं हरली. शिव्या देऊन झाल्या. गाडीवर लाथ मारून झाली. वहिनी नुसत्या बघत होत्या. पहिली गाठ सुटली. मग किती तरी वेळानं... दुसरी. तिसरीला त्यानं हात लावला नाही.

ती आपोआप सुटली.

फडकं खिशात घालून त्यानं झाकण उघडलं. वाफ नाही. पाणी कोमट.

"ह्यांनी थांबवलं, भावजी," वहिनी म्हणाल्या.

टॉर्चच्या उजेडात तेव्हा त्याला दिसलं, झाकणाच्या आतलं रबर चिरलं होतं. कूलंट तिथून वाफ होऊन उडून जात होतं, म्हणून खाली थेंब नाही. एवढंसं रबर, आणि तीन मेकॅनिकांना दिसलं नाही. पाणी भरलं, इंजिनची उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला आणि गाडी हळूहळू नेली. पुतणी तशीच अडून बसली होती. आईचा हात धरून आत गेली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी त्यानं कचऱ्याचा डबा पाहिला. कापलेले दोन्ही तुकडे तिथंच. खिशात ठेवलेलं फडकं मात्र नाही.

मी गाडी घेतली तेव्हा झाकण नवं बसवलं. सहा वर्षं झाली. मी त्यावर कधी चिंधीसुद्धा बांधलेली नाही. आज कशानं तापली देव जाणे, पाइप गेला असेल.

बरं, निवलं असेल आता. जा, टॉर्च घे, हळूच फिरव.

...काय झालं?

...फडकं? कसलं फडकं? मघाशी तूच तर झाकणावर हात ठेवला होतास.

...

मागे ये. हात लावू नकोस. ये, बस इथं माझ्याजवळ.

अजून थोडं थांबू.