सतराव्या क्रमांकाची ओवी

‘ओवी बाहेरच्या दाराशी उभी आहे.’

चंद्रवस्तीच्या नियंत्रणकक्षात पडद्यावर ही ओळ उमटली आणि गणकप्रमुख रुक्साना मुजावरच्या हातातला चहा मांडीवर सांडला. ओवीचं बारसं कालच झालं होतं. आत्या म्हणून कानात ‘कुर्रर्र’ केलं होतं तेही रुक्सानानेच. दिवस भरण्याआधी जन्मलेली ती एवढीशी पोर शेजारच्या दालनात प्राणवायूच्या पाळण्यात झोपली होती. उशाशी तिची आई, डॉक्टर मनवा, बसलेली.

“यंत्राला वेड लागलंय,” वस्तीप्रमुख कुडाळकर खेकसले. “पुसून टाक ती ओळ.”

“थांबा हो सर! यंत्र कुणाला नावाने ओळखतच नाही. दार, पाळणा, अवकाशपोशाख, सगळीकडे फक्त क्रमांक असतो. आपल्याला वाचता यावं म्हणून मी यंत्राला लिहून दिलेला आज्ञालेख सगळ्यांची नावं असलेल्या खातेकोशाला विचारतो, सतरावर आज कोण आहे? कोश सांगतो, ओवी. म्हणजे बाहेर सतरा उभा आहे. आता मला सांगा, ओवीच्या आधी सतरा कोण होतं?”

सतरा म्हणजे हेरंब, मनवाचा नवरा. ओवी जन्मली त्याच दिवशी जुन्या कोठाराचं छत कोसळलं आणि तो गेला असं सगळे धरून चालले. त्याचं खातं बंद केलं ते याच कुडाळकरांनी. बारशाला ओवीचं खातं उघडताना यंत्राने रिकामा झालेला क्रमांक उचलून तिला दिला. यंत्राला काय, बाप गेला आणि लेक आली!

“कोठारातल्या हवेच्या टाक्यांवर तगला असणार,” रुक्साना पुटपुटली. “या अल्लाह, जिवंत आहे तो!”

“मग दार उघड की!”

“उघडत नाही ना! दाराच्या मते बाहेर तान्हं बाळ आहे आणि मुलांसाठी ते दार बंद. हाताने उघडायची सोय आपणच ठेवली नाही. आणि त्याच्या पोशाखातली हवा संपत आलीय.”

“ओवीचं खातं पुस.”

“पाळणाही सतरालाच हवा देतो, सर. खातं पुसलं की पाळणा बंद. तिला नवा क्रमांक दिला तर पाळणा तो ओळखेपर्यंत हेरंब दाराशीच जीव सोडेल. एकच होऊ शकतं. ओवीचं वय वाढवून तिला मोठं माणूस करायचं. दार उघडेल. पण मोठ्या माणसाला पाळणा हवा देत नाही. हेरंब आत येईपर्यंत तो बंद राहील.”

“म्हणजे नवरा की पोर, हे मी सांगायचं?”

मनवा दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. कुणाला तिच्याकडे बघवेना.

“एकालाही सोडणार नाही मी,” ती म्हणाली. “मी हातपंपाने श्वास देते तिला. तू बदल वय.” आणि ती आत पळाली.

रुक्सानाने वय बदललं. बाहेरचं दार सरकलं आणि पाळण्याची घरघर थांबली. मनवा दोन बोटांनी तो इवलासा पंप दाबत होती, सोडत होती. ओवीचे ओठ निळसर झाले. “थोडंच गं माझे राणी, थोडंच,” ती म्हणत राहिली. बाहेरचं दार लागलं. मधल्या कोठडीत हवा भरायला लागली. कुडाळकरांनी आयुष्यात पहिल्यांदाच देवाचं नाव मोठ्याने घेतलं.

आतलं दार उघडलं. रुक्सानाने तत्क्षणी वय पूर्ववत केलं, पाळणा घरघरला आणि ओवीने असा काही टाहो फोडला की मनवाला रडू आवरेना.

हेरंब भिंत धरत धरत पाळण्याच्या दालनापर्यंत आला. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. त्याच क्षणी दालनाचं दार आपल्या गोड आवाजात म्हणालं, “ये ओवी. घरी आलीस.”

तो गोंधळून बघत राहिला. “ओवी? कोण ओवी?”

मनवाने डोळे पुसले. हसू आणि हुंदका एकदमच आले तिला.

“आत्याबाई,” ती रुक्सानाला म्हणाली, “यांचं बारसं चुकलंय. यांच्याही कानात सांगा.”

रुक्साना हेरंबच्या कानाशी वाकली. “कुर्रर्र...”