अकरा माणसं आणि एकच फुंकर

"अजून! अजून! थांबू नकोस!" भोंगा ओरडला. त्याला भोंगा का म्हणतात, हे शेजारच्या इमारतीलाही ठाऊक होतं.

मोरीत पाण्याची बादली होती. बादलीत पाण्याने भरलेला पाच लिटरचा पारदर्शक कॅन उलटा उभा केला होता आणि त्याच्या तोंडात नळी खुपसली होती. नळीतून फुंकलं की हवा कॅनमध्ये चढायची आणि पाणी खाली उतरायचं. किती उतरलं ते कळावं म्हणून इंचीने कॅनवर शंभर-शंभर मिलिलिटरच्या रेघा मारल्या होत्या. ती दहा वर्षांची, दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून इंची. अकरा वर्षांचा भोंगा आणि त्याची तेरा वर्षांची बहीण शंका सुट्टीत तिच्याकडे, म्हणजे आपल्या काकांकडे आले होते.

"इंची, एक लिटर नऊशे," शंकाने वहीत लिहिलं. "भोंगा, दोन लिटर तीनशे. काकू, दोन लिटर आठशे."

"आता बाबा!" इंची म्हणाली.

काका नुकतेच कामावरून आले होते. ते दगडी फरश्या कापायच्या कारखान्यात होते. अंघोळ करूनही त्यांच्या पापण्यांवर पांढरी पूड राहायचीच. त्यांनी हसत नळी तोंडात धरली, फुंकर मारली आणि ते खोकायला लागले. खोकला थांबता थांबेना. पाणी एक लिटर सहाशेवर थांबलं.

"बाबा, माझ्यापेक्षा कमी!" इंची खिदळली. मग दुसरं कोणीच हसत नाही हे पाहून तीही गप्प झाली.

"वय झालं गं," काका म्हणाले. बेचाळिसाव्या वर्षी!

शंकाने त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजली. "मिनिटाला एकशे बारा. तेही बसल्याबसल्या!"

"जास्त म्हणजे चांगलंच ना?" भोंगाने विचारलं.

"कसलं चांगलं, ढब्बू! फुफ्फुसांत बारीक फुग्यांसारख्या पिशव्या असतात. तिथे रक्त प्राणवायू उचलतं, हृदयाकडे परत येतं आणि हृदय त्याला अंगभर पाठवतं. रक्त म्हणजे हमाल समज. धुळीने फुफ्फुसं कडक झाली, की हमालाला दर फेरीत माल कमी मिळतो. मग फेऱ्या वाढवाव्या लागतात. म्हणून हृदय असं धावतंय."

"आणि धावून धावून दमलं तर?"

शंकाला उत्तर ठाऊक होतं. पण समोर इंची होती, म्हणून तिने वही मिटली.

"उगाच घाबरवू नका रे!" काकूंनी कपाटातून एक कागद काढला. "कारखान्यात दरवर्षी सरकारी डॉक्टर तपासायला येतात. हे बघा, चार लिटर दोनशे. शेरा, उत्तम!" त्या कागदाच्या भरवशावर काकू वर्षभर निर्धास्त होत्या.

"कॅनच चुकला असणार," म्हणत काका घाईघाईने आत निघून गेले. शंकाला ती घाई खटकली.

सकाळी काका कामावर गेल्यावर इंची फणकारली, "माझा कॅन चुकलेला नाही! मी दोनदा मोजलाय!" तिने कपाटातून काकांचे दोन वर्षांचे कागद काढले आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. प्रत्येक कागदावर श्वासाची रेघ छापलेली होती. दोन्ही रेघा तंतोतंत जुळल्या. शेवटी एक छोटं टेंगूळ होतं, तेसुद्धा!

भोंगा खाली राहणाऱ्या कटरवाल्या मामांकडे पळाला. तेही त्याच कारखान्यात होते. "शाळेचा प्रकल्प आहे," अशी बेमालूम थाप मारून त्याने मामींकडून त्यांचा कागद मिळवला. पुन्हा तीच रेघ, तेच टेंगूळ!

"दोन माणसं आणि श्वास एकच?" शंका हळूच म्हणाली. "यंदाची तपासणी कधी आहे?"

"आजच," इंची म्हणाली.

"मग आज डबा आपण न्यायचा!"

कारखान्यात धुळीमुळे चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. तिघांनी नाकाला रुमाल बांधले. ऑफिसबाहेर अकरा कामगारांची रांग होती, त्यात काका पाचवे. आत मात्र एकच माणूस पुन्हापुन्हा यंत्रात फुंकत होता. टम्म गालांचा तो गडी संध्याकाळी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. डॉक्टर खाली मान घालून रजिस्टर भरत होते. दारात उभा असलेला मुकादम हाक द्यायचा, "नंबर तीन! नंबर चार!" आणि दर वेळी ट्रम्पेटवालाच फुंकायचा.

"मुकादमाला हलवायला हवं," शंका कुजबुजली.

"ते माझ्यावर सोड." भोंगा पलीकडे धावला आणि त्याने जीव खाऊन बोंब ठोकली, "पाइप फुटला! पाइप फुटला! सगळ्या यंत्रांत पाणी शिरलं!"

मुकादम धूम पळाला. इंची आत शिरली. ट्रम्पेटवाल्याने पुन्हा नळी उचलली होती.

"डॉक्टर, नंबर पाच माझे बाबा आहेत. हे नाहीत!"

डॉक्टरांनी त्या दिवसात पहिल्यांदाच मान वर केली. मागोमाग आलेल्या शंकाने डब्याबरोबर आणलेले तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. डॉक्टर ते बराच वेळ पाहत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नंबर पाच, स्वतः आत या."

काका आले. त्यांनी मान वर केली नाही, पोरांकडे पाहिलंही नाही. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी फुंकर मारली आणि टेबलाला धरून खोकत राहिले. यंत्रावर आकडा उमटला, एक लिटर सहाशे!

ट्रम्पेटवाला रडायलाच लागला. "नापास झाला की घरी बसवतात, साहेब. मुकादम म्हणाले, तू फुंक, सगळ्यांचं भलं होईल. वाजवताना शेवटी जिभेने सूर तोडायची सवय आहे माझी. त्याचंच टेंगूळ उठलं."

मग अकराही जणांनी आपापला श्वास फुंकला. सात जणांची फुफ्फुसं खराब निघाली. कापण्याच्या यंत्रांवर पाण्याचे फवारे बसेपर्यंत डॉक्टरांनी कारखाना बंद करायला लावला. त्या सात जणांना पगार न कापता धुळीबाहेरचं काम द्यायचं, हेही त्यांनी मालकाकडून लिहून घेतलं. फुटलेला पाइप कुठेच न सापडल्याने परतलेला मुकादम कोपऱ्यात घाम पुसत उभा होता.

"शाबास, पोरांनो," डॉक्टर म्हणाले. "मी वेळीच मान वर केली असती, तर तुम्हाला यावं लागलं नसतं." मग ते काकांकडे वळले. "यांचे उपकार माना. नाहीतर तुम्ही गेल्यावरसुद्धा कागदावर तुमचा श्वास चालूच राहिला असता."

घरी काकूंनी तिन्ही पोरांना छातीशी धरलं. काकांशी मात्र रात्रीपर्यंत बोलल्या नाहीत.

काका गॅलरीत बसले होते. इंची त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, गेलेला श्वास परत येतो?"

काकांनी या वेळी तिच्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. तिच्याशी यापुढे खोटं बोलायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

इंचीचे डोळे भरून आले. तिने मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"मग एक लिटर सहाशे आहे ना, तो आपण पुरवून पुरवून वापरू."