प्रिंटरला कोणी विचारलं?

गोव्यातल्या साखळीहून सुटलेल्या सव्वाआठच्या बसमध्ये एका अनोळखी तरुणाचा कीबोर्ड कमलाक्षीच्या मांडीवर आला.

"जरा धराल? माझे दोन्ही हात…"

त्याचे हात खरोखरच गुंतले होते. पोटाशी कॉम्प्युटरचं खोकं, गळ्यात वायरींची माळ. वळण आलं की खोकं एकीकडे आणि तो दुसरीकडे.

"आहेर घेऊन चाललात वाटतं," ती म्हणाली.

"देवाला आहे. लाटंबार्श्याच्या पुढं एक देवस्थान आहे, तिथल्या ऑफिसात बसवायचाय. आहे तो कॉम्प्युटर बारा वर्षांचा म्हणे. चालवणारी बाईही तसलीच असणार… चष्मा, तपकीर."

"असेल," कमलाक्षी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर काजू मोहोरला होता. त्या गोडसर वासात तिचे ओठ उगीचच मुडपत होते.

दोघं एकाच थांब्यावर उतरली. तो खोकं सांभाळत मागून, ती कीबोर्ड घेऊन पुढं. देवळाशेजारच्या ऑफिसचं कुलूप तिनं काढलं, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "या. तपकीर संपलीय, चहा चालेल?"

त्या तरुणाच्या, म्हणजे जयवंतच्या, हातातलं खोकं तेवढं पडायचं राहिलं.

आता या गावची एक रीत सांगायला हवी. इथं विहीर खणायची असो, मुलीचं लग्न ठरवायचं असो, आधी देवाला विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार; याला प्रसाद घेणं म्हणतात. कॉम्प्युटरची नवी सिस्टम घालावी का, हेही देवस्थानचे अध्यक्ष बाबुराव यांनी रीतसर विचारलं होतं. देवानं तत्काळ उजवी दिली. देवाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, असं विचारण्याची सोय नव्हती. कारण मग बाबुरावांना काय कळतं, हा प्रश्न निघाला असता.

नवी सिस्टम बसली. पडद्यावर निळंशार आभाळ आलं. आणि अभिषेकाच्या पावत्या करणारा जुना मराठी प्रोग्रॅम उघडेचना. जुन्या प्रिंटरची जाड वायर घुसवायला नव्या यंत्राला भोकच नव्हतं. जयवंतनं मधे जोडायची दुसरी वायर आणली, तेव्हा प्रिंटरनं पूर्ण पानभर चौकोन छापले.

"जुनंच लावू परत," जयवंत म्हणाला.

"देवान उजवी दिल्या मरे," बाबुराव म्हणाले. "आतां फाटी कसो वचतलो?"

झालं. देव मागं फिरणार नव्हता, म्हणून कमलाक्षी पावत्या हातानं लिहू लागली आणि जयवंत दर सोमवारी बसनं येऊ लागला. मग सोमवार-गुरुवार. मग कुठल्याही वारी. येताना कधी नवी वायर आणायचा, कधी नुसतेच साखळीचे गरम पाव.

"आज काय बिघडलंय?" ती विचारायची.

"अजून बघितलं नाही," तो म्हणायचा… आणि तिच्याकडं बघायचा.

बाहेर घंटा वाजायची, सुरंगीचा वास खिडकीतून आत यायचा, दुपार पेंगत पेंगत तळ्याकडं उतरायची. पडद्यावरचं निळं आभाळ दोघंही तासन्तास बघत. काम तसूभरही पुढं सरकत नव्हतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

एका गुरुवारी मात्र पावती लिहिता लिहिता तिनं मान वर न करता सांगितलं, "रविवारी बाबा प्रसाद घेणार आहेत. कुडाळचं स्थळ आलंय."

जयवंतनं हातातला घट्ट स्क्रू आणखी घट्ट केला.

"आणि… उजवी पडली तर?"

"तर काय? फाटी कसो वचतलो?" बाबुरावांची नक्कल तिला छान जमायची. आज दोघांनाही हसू आलं नाही.

शनिवारी दुपारी जयवंत टेबलाखाली वायरींत शिरला होता. कमलाक्षीनं कोपऱ्यातलं जुनं यंत्र ओढून नव्याशेजारी ठेवलं, फडक्यानं पुसलं आणि प्रिंटरची जाड वायर त्याला जोडली. टर्र… टर्र… 'अभिषेक' असा स्वच्छ मराठी शब्द कागदावर उमटला. आवाज ऐकून बाबुराव आणि त्यांच्याशी उद्याचं बोलायला आलेले तिचे वडील, सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवणारे विठ्ठल, दोघंही दारात आले.

"गो, देवान नवी घालूंक सांगल्या," बाबुराव म्हणाले.

"घातली की काका. ही बघा. जुनी बंद करू का, असं देवाला कोणी विचारलं होतं?"

बाबुराव आठवू लागले.

"आणि ज्याला जन्मभर तिच्याशी जोडून राहायचं, त्या प्रिंटरला कोणी विचारलं?"

"प्रिंटराक कोण विचारता गो?"

"म्हणूनच चौकोन छापले त्यानं." मग ती वडिलांकडं वळली. आवाज जरा खाली आला. "बाबा, उद्या तुम्ही देवाला विचारणार. तो उजवी देईलही. पण…"

तिनं प्रिंटरवर हात ठेवला. विठ्ठलांनी लेकीकडं पाहिलं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांकडं पाहिलं. टेबलाखालून बाहेर आलेल्या, अजिबात न हलणाऱ्या दोन पायांकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मगे बाय," ते शांतपणे म्हणाले, "प्रिंटर काय म्हणता?"

कमलाक्षीचे कान लाल झाले.

"ईचार त्येका. आमी चाय पिऊन येतंव. चला हो बाबुराव."

पावलं दूर गेली. टेबलाखालून आवाज आला, "कमलाक्षी… तुम्हांला मी…"

"आधी बाहेर ये."

'ये' ऐकून तो इतक्या घाईनं उठला की डोकं टेबलावर आपटलं. तिनं वेणीतल्या सुरंगीच्या दोन पाकळ्या खुडल्या, तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या आणि जुन्या प्रिंटरच्या झाकणावर चिकटवल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं.

"घाल गाऱ्हाणं."

"मोठ्यानं?"

"प्रिंटर जुना आहे. कमी ऐकू येतं."

जयवंतनं हात जोडले. "मला ही… जन्मभर हवी आहे. तिला मी चालेन का?"

तिनं बटण दाबलं. टर्र… टर्र… प्रिंटर गदगदा हलू लागला. दोन्ही पाकळ्या थरथरल्या, सुटू लागल्या. आणि मग उजवी अलगद घसरून जयवंतच्या तळहातावर आली.

डावी पडली नाही. पडणार कशी? तिच्यावर कमलाक्षीनं अंगठा दाबून धरला होता. जयवंतनं तो पाहिला आणि दुसरा हात त्या अंगठ्यावर ठेवला… ऐन वेळी सुटायला नको.

"काय पडला गो?" बाहेरून विठ्ठलांनी विचारलं. चहाला ते गेलेच नव्हते.

"उजवी," दोघंही एकदम म्हणाली.