धोका नाही

पटत नसेल तर पुढे वाचू नका. पण ही घडलेली गोष्ट आहे.

आणि ती रात्रीची नाही. गेल्या मे महिन्यातली, निलंगा तालुक्यातल्या एका गावातली, भर दुपारची.

साहेबराव नौदलातून निवृत्त होऊन गावी आले होते. नौदलात त्यांचं काम एकच, ऐकणं. जहाजावर कानाला यंत्र लावून बसायचं, पाण्याखालचा आवाज ओळखायचा, आणि शेजारच्या देशाची पाणबुडी असेल तर ती कुठली, किती लांब, आपल्याला किती धोक्याची, हे वरच्या साहेबाला सांगायचं. गावात या कानाचा मोठा दरारा. बोअरमध्ये खडा टाकला की पाणी किती फुटांवर ते आवाजावरून बिनचूक सांगायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी वीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

एकदा ते ज्या पाणबुडीच्या मागावर होते, तिचा पंखा अचानक बंद पडला. ती तळाला जाऊन बसली.

मग...

टण्. टण्. टण्.

आतली माणसं लोखंडावर ठोकत होती. मदत मागत होती.

"आवाज बंद झालाय, साहेब. धोका नाही," एवढंच साहेबरावांनी वर कळवलं. ठोकण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शत्रूचीच माणसं, तेवढीच एक पाणबुडी कमी, असं वाटलं त्यांना. पाळी संपली तरी ते उठले नाहीत. चहा पीत ऐकत बसले. एकोणीस तासांनी ठोकणं थांबलं.

निर्दय माणूस म्हणाल. होते, त्या दिवशी होते. नंतर त्यांची झोप उडाली ती उडालीच.

तर त्या दुपारी गुरुबसप्पाच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. एक बाजू ढासळली आणि तळाला काम करणारा बजरंग मातीखाली गेला. लोक धावत जाऊन साहेबरावांना घेऊन आले. पाणी उपसायच्या मोटारीचा लोखंडी पाइप काठापासून थेट ढिगाऱ्यात गेलेला होता. साहेबरावांनी त्याला कान लावला.

आधी काहीच नाही.

मग...

टण्. टण्. टण्.

"जिता हाय!" ते ओरडले. "ठोकाय लागलाय!"

माती अजून सुटत होती. उतरायला कुणी धजेना. साहेबरावांचा मुलगा आनंदराज लातूरला शिक्षक, सुट्टीला घरी आलेला. त्यानं कमरेला दोर बांधला.

"बाबा, पक्कं ना?"

"पक्कं. मी ऐकलंय."

तासाभरानं खालून त्याचा आवाज आला.

"बाबा, ह्याचं डोस्कंच चेचलंय! ह्यो तर कवाच गेलाय!"

साहेबरावांचा कान अजून पाइपावरच होता...

टण्. टण्. टण्.

"वर ये! वर ये आनंदा!"

पण तेवढ्यात दुसरी बाजू खाली आली. वर ओढला तर नुसता तुटका दोर हातात आला.

धूळ खाली बसली. बालाजी आणि वैजनाथ, दोघं मजूर, दोर बांधून काठावर येऊन उभे राहिले. दोघांच्याही घरी लहान लेकरं.

"काका, ऐकून सांगा. जिता असंल तर आमी उतरतो."

साहेबरावांनी कान लावला...

टण्. टण्. टण्.

तोच आवाज. तीच लय. हा आनंदराज, की मघाशी मेलेल्या बजरंगच्या नावानं ठोकत होते ते? उभ्या आयुष्यात आवाज ओळखण्यात न चुकलेल्या माणसाला पोटचा पोरगा ओळखता येईना. हो म्हणावं, तर समोर उभे असलेले आणखी दोघं जाणार.

त्यांनी कान काढला.

"न्हाई," ते म्हणाले. "काय न्हाई खाली."

मग कुणाला घाई उरली नाही. मशीननं वरून बेताबेतानं माती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराज सापडला. त्याच्या मुठीत खाली राहिलेला मोटारीचा पाना होता. पाइपावर घावच घाव.

बजरंग माती पडताक्षणीच गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. मग साहेबरावांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच सांगितलं, आनंदराज मध्यरात्रीपर्यंत जिवंत असावा.

मग दुपारी, तो खाली उतरायच्या आधी, पाइपावर कोण ठोकत होतं? आजवर कुणाला कळलेलं नाही. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब आहे.

सगळं आटोपल्यावर सून बुद्धप्रिया सासऱ्यासमोर येऊन बसली.

"मामा, तुमीच कान लावलता ना? ते लगेच गेले का?"

साहेबरावांनी मान वर केली नाही.

"हाव, पोरी. लगेच."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"बरं झालं. हाल तरी झाले न्हाईत त्यांचे."