हळू आवाजाची चाचणी

सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात चार्जिंगसाठी एकच सॉकेट मोकळं होतं आणि त्याकडे दोन हात एकदमच गेले. एक माझा. दुसरा एका उंच माणसाचा, ज्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच होते.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला.

"नको, तुमचा हात आधी पोचला."

"माझा लॅपटॉप पस्तीस टक्क्यांवर आहे. तुमचा?"

"चार."

तो हसला, माझी पिन त्यानेच लावून दिली आणि शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. आता खरं तर त्याचं तिथे काही काम नव्हतं. तरी गेला नाही.

वर्षातून एकदा आम्ही असे जमतो. आम्ही म्हणजे एका मुक्त कम्पायलरवर काम करणारी मंडळी. कम्पायलर हा एक दुभाषा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तो चिपला कळेल अशा भाषेत उतरवतो. आमचा दुभाषा कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही तो उघडून वाचावा, चुकला तर दुरुस्त करावा. आणि जे ठरवायचं ते 'यादी'वर, म्हणजे जगाला दिसेल अशा पत्रव्यवहारात ठरवावं, हा आमचा पहिला नियम. यादीवर सगळे टोपणनावाने वावरतात, चेहरे कुणाला ठाऊक नसतात. मला तिथे टोचणी म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, कमावलेलं आहे.

"कंटाळलेल्या दिसताय," तो म्हणाला.

"चिडलेय. कासव म्हणून एक इसम आहे, या कामाला पगारी माणसं पुरवणाऱ्या त्या मोठ्या कंपनीचा. माझी दुरुस्ती त्याच्याकडे तपासायला पडलीय. आधी तीनदा परत पाठवली. का, तर म्हणे ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जादा आहे! आणि आता सात आठवडे तोंडातून शब्द नाही. कंपनीतल्या लोकांना आमच्यासारख्यांची काय पडलीय?"

तो चष्मा पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला.

"सात नाही," शेवटी म्हणाला. "सहा आठवडे आणि चार दिवस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि ती जागा… खरंच जादा होती हो," कासव म्हणाला.

पुढचे दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी बसलो. कुणी ठरवलं नव्हतं, पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्याची ओली छत्री आधीच येऊन बसायची. त्याने विचारलं, इतक्या जुन्या चिपसाठी एवढी धडपड कशाला? मी त्याला आत्याबद्दल सांगितलं. मला तिनेच वाढवलं. तिचं श्रवणयंत्रांचं दुकान आहे, आणि ती स्वतःही यंत्र लावते. गावातल्या तीनशे कानांत तीच जुनी चिप आहे. आमचा दुभाषा एके ठिकाणी हिशेबात चुकतो, म्हणून हळू आवाज खरखरीत बुडून जातो. मोठ्याने बोललेलं ऐकू येतं, प्रेमाने बोललेलं नाही.

हे ऐकून तो पुन्हा चष्मा पुसायला लागला. मला वाटलं, विरघळला. बाई, किती भोळी मी.

परतल्यावर त्याची पत्रं येऊ लागली. यादीवर नाही, खासगी. खिडकीत वाळणाऱ्या मोज्यांबद्दल, लिफ्टमध्ये अडकलेल्या शेजाऱ्याबद्दल, आणि एकदा, 'तुम्ही भांडता तेव्हा वाक्यं फार नेटकी लिहिता' असंही. माझ्या दुरुस्तीबद्दल मात्र अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही, कारण पत्रं बंद झाली असती तर मला चाललं नसतं.

एका सकाळी कंपनीची घोषणा आली. कम्पायलरवरची निम्म्याहून जास्त माणसं आता कंपनीच्या पगारावर होती, त्यामुळे बैठका आत व्हायच्या आणि निर्णय तयार होऊनच बाहेर यायचा. या वेळचा निर्णय एवढाच, की पुढच्या आवृत्तीपासून जुन्या चिपांचा भाग काढून टाकण्यात येत आहे. कुणाला हवा असल्यास त्याने तो वेगळा घेऊन सांभाळावा. म्हणजे घराचं दार सताड उघडं, पण पंगत उठल्यावर.

वेगळा घेऊन एकटीने सांभाळायचा? दहा-बारा माणसांचं काम ते. मी त्याला फोन लावला.

"तुला हे माहीत होतं?" मी पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं, तेही असं.

"…हो."

"केव्हापासून?"

"तुझी दुरुस्ती चौथ्यांदा आली त्याच आठवड्यात ठरलं. मीही त्या खोलीत होतो. बाहेर बोलायला बंदी होती. मंजूर करून तुला खोटी आशा लावायची नव्हती, आणि नाकारायला… जमेना."

"म्हणून मोज्यांबद्दल लिहीत बसलास?"

मला तो आवडायला लागला होता, हे मला नेमकं तेव्हाच कळलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"आमच्याकडे बंद खोलीतलं बोलणं धरत नाहीत," मी म्हटलं. "काही सांगायचं असेल तर चारचौघांत सांग." आणि फोन ठेवला.

चार दिवस काही नाही. कासवच ते. पाचव्या दिवशी दुपारी यादीवर त्याचं पत्र आलं, आणि खाली टोपणनाव नव्हतं, खरं नाव होतं. 'हा निर्णय बंद दाराआड झाला,' त्याने लिहिलं होतं. 'मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो, ही माझी चूक. ही चिप ज्यांच्या कानात आहे त्यांना आपण विचारलंच नाही. जे अजून ही चिप वापरतात, त्यांनी इथे बोलावं.'

आणि लोक बोलले. वजनकाटे बनवणाऱ्या एक बाई बोलल्या. पाण्याचे मीटर दुरुस्त करणारे एक आजोबा बोलले, ते तर सलग तीन पत्रं बोलले. आत्याने मला लिहायला लावलं, 'मी बहिरी आहे, मला डावलू नका.' आठ दिवसांनी कंपनी एक पाऊल मागे आली. दोन माणसं उघडपणे जबाबदारी घेत असतील तर हा भाग राहील. सांभाळणाऱ्यांची एक फाइल असते, तिच्यात मी माझं नाव लिहिलं. तासाभरात त्याच्याखाली दुसरं नाव आलं. त्याचं. पुढे ईमेलचा पत्ता कंपनीचा नव्हता, घरचा होता.

त्याच दिवशी माझी दुरुस्तीही मंजूर झाली. सोबत एक ओळ: 'शेवटी जादा जागा नाही. उशिराबद्दल माफी.'

पुढच्या रविवारी दुपारी तो दुकानात हजर. छत्री गळत होती, पायपुसण्यावर तो पाय पुसतच राहिला.

"नोकरी?" मी आधी तेच विचारलं.

"आहे. साहेब म्हणाले, आतलं आतच बोलायचं असतं. मी म्हटलं, मग मला आत घेऊ नका. तर आता बैठकांना बोलावत नाहीत." तो जरासा हसला. "दुपार फार मोठी मिळते."

"हाच का तो कासव?" आत्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "उशिरा आलास, पण आलास. आता उभाच आहेस तर कामाला लाग. माझं यंत्र तपासायचंय."

नव्या कम्पायलरने तयार केलेला प्रोग्रॅम मी नुकताच तिच्या यंत्रात भरला होता. आमच्या चाचणीची पद्धत ठरलेली. एकाने दहा पावलांवरून हळू आवाजात बोलायचं. यंत्रवाल्याने पाठ करून बसायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि जे कानावर पडेल ते जसंच्या तसं मोठ्याने म्हणायचं. बाकावर तीन गिऱ्हाइकं आपली पाळी येईपर्यंत बघत बसली होती. मी मागच्या टेबलाशी, पंख्याच्या घरघरीत.

"आज हवा बरी आहे," तो पुटपुटला असावा, कारण आत्या म्हणाली, "आज हवा बरी आहे. पुढे?"

त्याचे ओठ हलले. "छत्री दाराशी ठेवली आहे," आत्या म्हणाली. "ठेव बापडी. अजून हळू बोल, काहीतरी कामाचं."

तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आत्याच्या पाठीकडे. ओठ इतके कमी हलले, की मला काहीच ऐकू आलं नाही.

"मला तुमची भाची," आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बहुतेक खूप आवडते."

मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. बाकावरची तिघं सावरून बसली. एका आजींनी आपल्या यंत्राचा आवाज वाढवला.

माझे कान गरम झाले होते. पण तपासायची पाळी आता माझी होती, आणि मी टोचणी आहे.

"एक सूचना आहे," मी म्हटलं. "'बहुतेक' काढ. मग मंजूर."

या वेळी त्याने सहा आठवडे घेतले नाहीत. माझ्याकडे बघत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं, त्या एका शब्दाशिवाय.

आणि आत्याने, पद्धत म्हणजे पद्धत, ते जसंच्या तसं पुन्हा म्हणून दाखवलं.